मुंबईतील घरगुती ऑर्किड

ऑर्किडेसी कुलातील उष्णकटिबंधीय झाडे घराच्या खिडकीत, गॅलरीत किंवा गच्चीवर वाढवण्याचा छंद. मराठीत या झाडांना आमरी म्हणतात. कुलात २५,०००हून अधिक जाती असल्या तरी मुंबईतल्या घरांत प्रामुख्याने तीनच प्रजाती टिकतात: फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम आणि व्हँडा. तिघींचे मूळ अधिवास उष्ण आणि दमट आहेत. त्यामुळे थंड देशांतल्या हौशी लोकांना काचघर बांधून जी हवा तयार करावी लागते, ती मुंबईकराला खिडकी उघडताच फुकट मिळते. तरीही या शहरात ऑर्किड मरतात, आणि बहुतेक वेळा ती अति काळजीने मरतात.

बांडगूळ नव्हे

कोकणात गाव असलेल्या अनेकांनी आंब्याच्या जुन्या झाडावर लोंबणारी सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) पाहिलेली असते. मे-जूनच्या सुमारास तिच्या जांभळट ठिपक्यांच्या फुलांचे घोस गजऱ्यासारखे खाली सुटतात. तिला सर्रास बांडगूळ म्हटले जाते, ते चूक आहे. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस ओढते. आमरी फांदीवर नुसती बसते. पावसाचे पाणी, सालीवरून ओघळणारी धूळ, कुजका पाला, पक्ष्यांची विष्ठा एवढ्यावर तिचे भागते. गंमत म्हणजे व्हँडा हे शास्त्रीय नाव ज्या ‘वन्दा’ या संस्कृत शब्दावरून आले, तो शब्दही बांडगुळासाठीच वापरला जातो. गैरसमज जुना आहे. सगळ्याच आमरी झाडावर राहतात असेही नाही. सह्याद्रीच्या पठारांवर पावसात उगवणाऱ्या हबेनारिया मातीत कंद धरून असतात, पण त्या कुंडीत रमत नाहीत.

फांदीवर राहणाऱ्या आमरीच्या मुळांभोवती मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे मूळ चंदेरी दिसते. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला, तर बघता बघता तेवढा भाग हिरवा होतो आणि तो हिरवेपणा थेंबाच्या दोन्ही अंगांना सरकत जातो. थर पाणी पितो आणि आतल्या जिवंत पेशी दिसू लागतात. पाणी घालायचे की नाही, हे ठरवायला यापेक्षा भरवशाची खूण नाही. मुळे हिरवी असतील तर हात आवरावा, चंदेरी झाली की घालावे. फॅलेनॉप्सिस पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत विकतात, त्याचा एक फायदा हाच.

कुंडी आणि भर

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून कुंडीत माती घालत नाहीत. मुंबईत चालणारे मिश्रण, म्हणजेच भर, साधी आहे: लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि थोडे नारळाचे सोडण. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावे, कारण त्यात क्षार असतात. दोन पावसाळ्यांत ते कुजून भुसा होते आणि मुळांची हवा कोंडते, म्हणून साधारण दोन वर्षांनी भर बदलावी लागते. व्हँडाला तर भरही नको. लाकडी टोपलीत अडकवून मुळे मोकळी सोडली की ती हातभर खाली लोंबतात. चहाचा चोथा आणि शेणखत गुलाबाला द्यावे, इथे ते फटी बुजवतात.

सर्वांत मोठी चूक नर्सरीतून झाड आणल्यावर होते. फुललेली फॅलेनॉप्सिस बहुधा स्फॅग्नम शेवाळात लावलेली असते. वरून शेवाळ कोरडे वाटते, पण मधोमध मुठीएवढा गोळा आठवडाभर ओला राहतो. फुले संपल्यावर झाड उपसून हा गोळा सोडवावा. चांगले मूळ बोटाला टणक लागते. कुजलेल्या मुळाला चिमटीत धरून ओढले की साल हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. अशी मुळे कापून, काप सुकू देऊन, झाड कोरड्या भरीत लावावे आणि चार-पाच दिवस पाणी घालू नये.

ऊन आणि पाणी

मुंबईतली बहुतेक ऑर्किड खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये वाढतात, म्हणजे खिडकीची दिशा हेच त्यांचे नशीब. पूर्वेची खिडकी तिघींनाही मानवते. पश्चिमेला ग्रीन नेट हवे. उत्तरेची खिडकी सुरक्षित समजतात, पण शहर साधारण १९ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. पाऊस सुरू होण्याआधीचे काही आठवडे उत्तरेच्या ग्रिलमध्येही थेट ऊन येते आणि वर्षभर सावलीत वाढलेली पाने भाजतात. पानाला हात लावून ते गरम वाटले तर झाड आत घ्यावे. फॅलेनॉप्सिसला सर्वांत कमी उजेड चालतो, डेंड्रोबियमला त्याहून जास्त लागतो आणि व्हँडाला सगळ्यांत जास्त. गर्द हिरवे, लुसलुशीत पान देखणे दिसते, पण तशी झाडे फुलत नाहीत. पानात पोपटी छटा असावी.

महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येते. ते मऊ असल्याने ऑर्किडला चालते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर भरीवर आणि मुळांवर पांढरे पुटे चढतात. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून कढत पाणी येते, म्हणून पाणी सकाळीच घालावे. उन्हाळ्यात व्हँडाची मुळे रोज भिजवावी लागतात, इतर दोघींना दिवसाआड पुरते.

पावसाळ्याचे गणित वेगळे. वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. जंगलात फॅलेनॉप्सिस फांदीवरून तिरपी लोंबते, त्यामुळे तिच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. आपण मात्र ती कुंडीत सरळ उभी लावतो. बेचक्यात पाणी राहिले की शेंडा कुजतो, आणि तिला वाढीचा शेंडा एकच असल्याने बहुतेक वेळा झाड संपते. कुंडी तिरपी टांगावी किंवा पावसाच्या माऱ्यातून आत घ्यावी, आणि पाणी गेले असेल तर टिश्यू पेपराच्या टोकाने टिपावे. डेंड्रोबियमला त्याच पावसात नव्या कांड्या फुटतात, तिला बाहेर राहू द्यावे.

खत थोडे आणि वारंवार. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी मुळे ओली करून.

फुलणे

फॅलेनॉप्सिसला फुलदांडा येण्यासाठी काही आठवडे सलग गारवा लागतो. मुंबईत तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींतच मिळतो, म्हणून त्या दिवसांत झाड बंद खोलीत न ठेवता खिडकीत ठेवावे. एसीच्या झोतासमोर ठेवल्यास कळ्या गळतात, कारण ती हवा कोरडी असते. एकदा उमललेली फुले दोन-तीन महिने टिकतात. पुढे दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा. कधी कधी तिथून पुन्हा फुटवा येतो. डेंड्रोबियमच्या जुन्या, पाने झडलेल्या कांड्या वाळक्या समजून कापून टाकतात, ते करू नये. त्यांत अन्नसाठा असतो आणि त्यांच्या पेरांतूनही फुले येतात. पेरावर फुलाऐवजी मुळे असलेले रोप आले तर त्याला केकी म्हणतात. हवाई भाषेत त्याचा अर्थ लेकरू. मुळे दोन-तीन इंचांची झाली की ते वेगळे लावता येते.

आंब्याच्या मोसमात एक वेगळेच संकट असते. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि ऑर्किडची फुले त्याने झपाट्याने मलूल होतात. पेंढ्यातली हापूसची पेटी आणि फुललेली फॅलेनॉप्सिस एकाच खोलीत ठेवू नयेत. यात माघार कुणी घ्यायची, हे मराठी घरात सांगावे लागत नाही.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण आणि खवले कीड नेहमीच्या. दोन्ही पानांच्या बगलेत दडतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून, दर आठवड्याला पुन्हा पाहावे. पावसात गोगलगायी रात्री कोवळी मुळांची टोके खातात. कबुतरे काही खात नाहीत, पण कुंड्यांत बसून सगळे उसकटतात.

रोपे कुठून येतात

ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो; निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर घातलेल्या माध्यमात बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. १९६०च्या सुमारास फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झॉर्झ मोरेल यांनी शेंड्याच्या ऊतींपासून रोपे करण्याचा मार्ग दाखवला. एके काळी श्रीमंतांच्या काचघरातली ही झाडे आज रस्त्यावरच्या नर्सरीत मिळतात, ती या दोन शोधांमुळे. सिंबिडियम ही ऑर्किडची प्रजाती मात्र फुलांना भुलून घेऊ नये. तिला गार रात्री लागतात. मुंबईत ती पाने देत राहते, फुले सहसा देत नाही.

जंगलातून आमरी काढून आणणे हा गुन्हा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर पानही उचलता येत नाही. निळी व्हँडा आणि लेडीज स्लिपर ऑर्किड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालील संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहेत, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारात सर्वच ऑर्किड साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराच्या कक्षेत येतात. गावी स्वतःच्या आवारातल्या आंब्याची फांदी वादळात पडली आणि तिच्यावर सीतेची वेणी असेल, तर ती सोलून काढू नये. मुळे सालीला घट्ट चिकटलेली असतात, ओढली की तुटतात. फांदीचा तो तुकडाच कापून आणावा आणि सुतळीने ग्रिलला आडवा बांधावा.