दोरीच्या अलीकडचा गोल्फ

गोल्फची स्पर्धा मैदानावर जाऊन पाहणाऱ्याला ती पूर्ण कधीच दिसत नाही. अठरा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे टप्पे, सहा-साडेसहा किलोमीटरवर पसरलेले असतात आणि पहिल्या दोन दिवशी शंभराहून जास्त खेळाडू त्यांवर विखुरलेले असतात. एकाच्या मागे चालत राहिलं की बाकीचे सुटतात. एखाद्या ग्रीनपाशी, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपाशी, ठाण मांडलं तर सगळे दिसतात, पण प्रत्येक जण दहा मिनिटांपुरता. तरीही २०२२ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १५०व्या ओपनसाठी, म्हणजे ब्रिटनच्या सर्वांत जुन्या गोल्फ स्पर्धेसाठी, २,९०,००० प्रेक्षक आले. जे पूर्ण दिसत नाही ते पाहायला एवढी माणसं का येतात, हे समजून घ्यायचं तर खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांचा इतिहास पाहावा लागतो. गोल्फची आवड या अपुरेपणातूनच वाढली, असं माझं मत आहे.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या पैजांच्या सामन्यांपासून झाली. चॅम्पियनशिप वगैरे अजून नव्हत्या. दोन गावांचे नामवंत खेळाडू एकमेकांना आव्हान द्यायचे, गावातले श्रीमंत रक्कम लावायचे आणि गाव आपल्या माणसाच्या पाठीशी लोटायचं. आपल्याकडे कोल्हापूरच्या मैदानात तालमीची इज्जत पणाला लागते, तसाच तो मामला होता. १८४९ साली सेंट अँड्र्यूजचे अ‍ॅलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस ही जोडी मसलबराच्या डन बंधूंशी ४०० पौंडांसाठी तीन मैदानांवर खेळली. मसलबराला डन बंधूंनी त्यांना सपाटून हरवलं, सेंट अँड्र्यूजला फासा उलटला आणि निकाल नॉर्थ बेरिकवर गेला. तिथे आठ होल उरले असताना जिंकलेल्या होलच्या हिशेबात रॉबर्टसन आणि मॉरिस चारने मागे होते. तरी सामना त्यांनीच जिंकला.

त्या काळी प्रेक्षकांना अडवणारी दोरी नव्हती. माणसं खेळाडूच्या मागून, बाजूने, कधी पुढूनही चालायची. तो फटका मारायला उभा राहिला की गर्दी दुभंगून वाट द्यायची आणि चेंडू गेला की वाट मिटायची. ही जवळीक सुखाची होती तशी घातकही. १८७० मध्ये मसलबराला मॉरिस आणि विली पार्क यांच्या सामन्यात गर्दीने खेळात इतकी ढवळाढवळ केली की पंचांनी खेळ थांबवला. मॉरिस जवळच्या पब्लिक हाऊसमध्ये जाऊन बसला आणि पार्कने उरलेले होल एकट्याने खेळून रकमेवर हक्क सांगितला.

या रणधुमाळीपुढे पहिली ओपन अगदी साधी होती. १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकच्या बारा होलच्या मैदानावर आठ खेळाडूंनी एका दिवसात तीन फेऱ्या पूर्ण केल्या. विली पार्क सर्वांत कमी, १७४ फटक्यांत जिंकला आणि टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. पण याच स्पर्धेतून पाहण्याची एक नवी अडचण उभी राहिली. समोरासमोरच्या सामन्यात दोघं एकत्र चालतात, त्यामुळे कोण पुढे आहे ते डोळ्यांसमोर असतं. एकूण फटके मोजायचे झाले की प्रतिस्पर्धी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. प्रेक्षकाला आपल्या माणसाचा खेळ दिसतो, पण त्या खेळाची किंमत कळत नाही. ही अडचण सुटायला शंभर वर्षं लागली.

अमेरिकेत गोल्फ पाहण्याची लाट आणली ती १९१३ च्या यूएस ओपनने. बोस्टनजवळ ब्रुकलाइनला इंग्लंडकडून खेळणारे हॅरी व्हार्डन आणि टेड रे जिंकणार, अशीच सर्वांची धारणा होती. त्यांच्या बरोबरीला आला फ्रान्सिस विमेट, वीस वर्षांचा हौशी खेळाडू. त्याचं घर मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे होतं आणि लहानपणी तो तिथेच कॅडी म्हणून, खेळाडूंच्या बॅगा वाहत, राबला होता. त्याची बॅग उचलणारा एडी लोअरी अवघा दहा वर्षांचा होता. बरोबरी फोडण्यासाठी २० सप्टेंबरला झालेल्या जादा फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, विमेटने ७२, व्हार्डनने ७७ आणि रेने ७८ फटके घेतले. पावसाने चिंब झालेल्या मैदानात हजारो माणसं त्या तिघांमागे चालत होती आणि शेवटी त्यांनी विमेटला खांद्यावर घेतलं. श्रीमंतांच्या क्लबातला खेळ त्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला.

गर्दी आली तशी तिकिटंही आली. यूएस ओपनने १९२२ मध्ये आणि ब्रिटनच्या ओपनने १९२६ मध्ये, रॉयल लिदमला, पहिल्यांदा प्रवेशशुल्क घेतलं. लिदमची एक गोष्ट गोल्फवाले अजून सांगतात. शेवटच्या दिवशी जेवणानंतर परतताना बॉबी जोन्सजवळ खेळाडूचा बिल्ला नव्हता आणि फाटकावरचा माणूस त्याला आत सोडेना. जोन्सने मुकाट्याने प्रेक्षकाचं तिकीट काढलं, आत गेला आणि स्पर्धा जिंकली.

याच जोन्सने पुढे मैदानांचा रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझीच्या साथीने अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभं केलं. तिथली, पुढे मास्टर्स म्हणून ओळखली गेलेली स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी जीन सॅराझेनने पंधराव्या होलवर दुरून मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. पार-५ चा, म्हणजे पाच फटके अपेक्षित असलेला होल त्याने दोन फटक्यांत संपवला, बरोबरी साधली आणि प्लेऑफ जिंकला. गोल्फमधला कदाचित सर्वांत गाजलेला फटका, आणि तो पाहायला त्या ग्रीनपाशी मोजकी माणसं होती. बाकीच्यांनी नुसती आरोळी ऐकली. मला ऑगस्टा आवडतं ते यासाठी की तिथे अजूनही असंच पाहावं लागतं. मोबाइल आत नेता येत नाही. फलकावरचे आकडे माणसं हाताने बदलतात. झाडांपलीकडून आवाज उठला की तो बर्डीचा (पारपेक्षा एक फटका कमी) की त्याहून मोठ्या कशाचा, हे जुने प्रेक्षक ओळखतात. सकाळी आपली खुर्ची ग्रीनपाशी मांडून दिवसभर भटकून यावं, तिच्यावर आपला हक्क तसाच असतो.

टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, ते ग्रीन अशी सलग दोरी यूएस ओपनमध्ये पहिल्यांदा १९५४ साली बाल्टसरोलला लागली. त्याच वर्षी ती स्पर्धा देशभर टीव्हीवरही दिसली. या दोन गोष्टी एकत्र याव्यात हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण आहे. मैदानावरचा प्रेक्षक खेळाडूपासून काही हात मागे सरकला आणि घरी बसलेला खूप जवळ आला. टीव्हीची ताकद आदल्याच वर्षी दिसली होती. शिकागोजवळ टॅम ओ'शँटरच्या स्पर्धेचं देशभर थेट प्रक्षेपण झालं, तेव्हा कॅमेऱ्याची नजर शेवटच्या ग्रीनवर खिळलेली होती. त्या ग्रीनवर ल्यू वर्शमने शंभरेक यार्डांवरून वेजने, म्हणजे जवळच्या फटक्याच्या काठीने, मारलेला चेंडू घरंगळत थेट होलमध्ये गेला आणि तो एका फटक्याने जिंकला. गोल्फच्या पहिल्याच देशव्यापी थेट प्रक्षेपणाचा शेवट असा झाल्यावर वाहिन्यांना वेगळं पटवावं लागलं नाही.

गुणांची जुनी अडचणही याच काळात सुटली. एका खेळाडूचे अकरा होलवर ४४ फटके आणि दुसऱ्याचे सोळा होलवर ६३, यांत पुढे कोण? उभ्या उभ्या हे कोणाला सांगता येईल? १९६० पासून ऑगस्टाच्या फलकांवर पारपेक्षा किती कमी-जास्त एवढंच लिहायला सुरुवात झाली. पारखालचे आकडे लाल, वरचे हिरवे. आता मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून सगळी शर्यत एका नजरेत कळू लागली. गोल्फ पाहण्याच्या इतिहासात मी याला टीव्हीइतकंच मोलाचं मानतो.

आणि मग अर्नोल्ड पामर. पेनसिल्व्हेनियातल्या एका मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. फटका मारल्यावर अंग पिळवटायचं, पँट वर खेचायची, जोखीम दिसली की ती घ्यायचीच, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून हसायचं. १९५८ च्या मास्टर्सला जवळच्या फोर्ट गॉर्डन छावणीतले सैनिक त्याच्यामागे जमले आणि ‘आर्नीज आर्मी’ हे नाव त्याच्या चाहत्यांना कायमचं चिकटलं. १९६० च्या यूएस ओपनमध्ये, चेरी हिल्सला, शेवटच्या फेरीआधी तो सात फटक्यांनी मागे होता. पहिल्याच ३४६ यार्डांच्या होलवर त्याने ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, थेट ग्रीनवर आणला, ६५ ची फेरी केली आणि स्पर्धा जिंकली. अमेरिकन खेळाडूंना नकोशा झालेल्या ब्रिटनच्या ओपनला तो मुद्दाम जाऊ लागला आणि १९६१, १९६२ असा लागोपाठ जिंकला. ट्रूनला १९६२ मध्ये त्याच्यामागची गर्दी इतकी अनावर झाली की प्रेक्षकांच्या बंदोबस्ताचा नव्याने विचार करावा लागला.

पुढचा मोठा बदल मातीचा. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचे प्रमुख डीन बीमन यांनी फ्लोरिडात ४१५ एकर दलदल एका डॉलरला मिळवली. रचनाकार पीट डाय यांनी तिच्यातून १९८० मध्ये सॉग्रासचं मैदान घडवलं आणि उपसलेल्या मातीचे टेकाड रचून त्यांच्या उतारावर हजारोंना बसण्याची सोय केली. मैदान आधी आणि प्रेक्षक नंतर, हा क्रम तिथे बदलला. त्याचंच टोक अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या सोळाव्या होलला पाहायला मिळतं. चारही बाजूंनी स्टँड, बिअर, आणि ग्रीन चुकली की हुर्यो. तिथला दंगा मी समजू शकतो, कारण तो सगळ्यांना सारखाच सोसावा लागतो. २०२५ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप-अमेरिका लढतीत, बेथपेजला युरोपच्या रॉरी मॅकिलरॉयच्या वाट्याला आलेली शिवीगाळ मात्र निव्वळ गैर होती. एवढ्या जवळ उभं राहू दिलं जातं, त्या विश्वासाचा तो भंग होता.

टायगर वुड्सबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की मी एकाच दुपारीबद्दल सांगतो. १३ एप्रिल १९९७. एकवीस वर्षांचा वुड्स ऑगस्टाला बारा फटक्यांच्या आघाडीने जिंकत होता. ते पाहायला मुद्दाम आलेल्यांत ली एल्डर होते. मास्टर्समध्ये खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, तेही १९७५ मध्ये, म्हणजे स्पर्धा सुरू होऊन चार दशकं उलटल्यावर. १९९० पर्यंत त्या क्लबात एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. वुड्सने फेरी सुरू करण्याआधी एल्डर त्याला भेटले, आणि विजयानंतर वुड्सने त्यांचे आभार मानले. त्या दिवशी दोरीच्या अलीकडे एल्डर उभे होते आणि पलीकडे ज्याची वाट त्यांनी मोकळी केली तो मुलगा. एकवीस वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१८ ला, पाठीवरच्या अनेक शस्त्रक्रियांतून उठून वुड्स अटलांटाला ईस्ट लेकवर पुन्हा जिंकत होता, तेव्हा शेवटच्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, गर्दी दोरी ओलांडून त्याच्यामागे धावली. काही क्षण १८४९ चं नॉर्थ बेरिक परत आल्यासारखं वाटलं.

भारतात क्रम उलटा झाला. रॉयल कलकत्ता १८२९ चा आणि मुंबईचा क्लब १८४२ चा, म्हणजे मैदानं जुनी आहेत. पण ती क्लबांची आणि लष्कराची. बाहेरच्या माणसाला आत जाऊन पाहायची सवय लागलीच नाही. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन जिंकला. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता. तो १९९१ मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. मग जीव मिल्खा सिंग, २०१० मध्ये पीजीए टूरवर जिंकणारा अर्जुन अटवाल, पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी, ऑलिंपिकपर्यंत पोचलेला पुण्याचा उदयन माने. यांचे चाहते तयार झाले ते टीव्हीसमोर आणि आडवेळी. ऑगस्टाचा रविवार आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमाराला संपतो.

७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी मात्र ज्यांनी आयुष्यात कधी गोल्फ पाहिला नव्हता तेही टोकियोच्या कासुमिगासेकीकडे डोळे लावून बसले. जागतिक क्रमवारीत २००वी असलेली अदिती अशोक पदकासाठी लढत होती आणि तिची आई तिची कॅडी होती. इतर जणी तिच्यापेक्षा कितीतरी लांब ड्राइव्ह मारत होत्या. ती पटिंगच्या, म्हणजे ग्रीनवरच्या छोट्या फटक्यांच्या जोरावर त्यांना धरून राहिली. शेवटचे काही होल उरले असताना वादळाने खेळ थांबला, आणि त्या वेळात घराघरांत ‘पार म्हणजे काय, बर्डी म्हणजे काय’ ही चौकशी सुरू होती. एका फटक्याने कांस्य हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि देश साहजिकच तिकडे वळला. पण त्या सकाळी लाल आकड्यांचा अर्थ ज्यांना एकदा कळला, त्यांतले काही जण पुढेही पाहत राहिले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डीपी वर्ल्ड टूर ही युरोपची व्यावसायिक स्पर्धामालिका दिल्ली गोल्फ क्लबवर आली. मॅकिलरॉय, शेन लॉरी, व्हिक्टर होवलँड, टॉमी फ्लीटवूड ही नावं भारतात एकाच आठवड्यात पहिल्यांदाच एकत्र दिसली. झुडपांनी आवळलेल्या त्या अरुंद फेअरवेंवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, बाहेर काढणंही धोक्याचं होतं. ज्यांना लांब ड्राइव्ह पाहायचे होते ते थोडे हिरमुसले असतील, पण दुसऱ्या फटक्याची निवड एवढ्या जवळून पाहायला कुठे मिळते? फ्लीटवूड जिंकला आणि त्याचा मुलगा अठराव्या ग्रीनवर धावत गेला. पहाटेच्या प्रक्षेपणांवर वाढलेल्या इथल्या चाहत्यांना आपल्या आवडत्या खेळाडूच्या मागे पायी चालायची संधी त्या आठवड्यात मिळाली. अशा स्पर्धा मुंबई-पुण्याकडेही याव्यात, आणि क्लबांनी तेवढ्यापुरती तरी फाटकं सगळ्यांसाठी उघडावीत.