इअरफोन पारखायचा तर तंबोरा ऐका

आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. बाहेरचं टोक उघडं, आतल्या टोकाला पडदा. पेनच्या टोपणावर फुंकर मारली की शिट्टी वाजते, तसा या नळीलाही स्वतःचा एक सूर आहे, साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा. त्या पट्ट्यातला आवाज पडद्यापर्यंत पोचेपर्यंत दहा डेसिबलहून जास्त वाढतो. बोलण्यातली स्पष्टता, व्यंजनांची धार, गायकाच्या गळ्यातला खणखणीतपणा बराचसा इथेच असतो. आणि जन्मापासून आपण जग या वाढीसकटच ऐकत आलोय.

आता त्या नळीत इअरफोन खोचा. उघडं तोंड बंद झालं, आत उरलेली हवेची जागा लहान झाली. नळीचा सूर ३,००० वरून उठून सात-आठ हजारांकडे सरकतो. इअरफोनमधून गाण्याची पहिली मात्रा यायच्या आधीच कानाची मूळची घडण बदललेली असते. म्हणून इअरफोन बनवणाऱ्याला ३,००० हर्ट्झची ती हरवलेली वाढ आपल्या आवाजात मुद्दाम घालावी लागते. मोजणीच्या यंत्रावर सपाट रेषा दाखवणारा, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने वाजवणारा इअरफोन कानाला मेलेला वाटतो, तो याच कारणाने.

ही वाढ नेमकी किती घालायची? हर्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी बऱ्याच श्रोत्यांना ऐकवून, त्यांची पसंती नोंदवून एक सरासरी रेषा काढली. आज इअरफोनच्या आलेखांवर ‘हर्मन टार्गेट’ म्हणून दिसते ती हीच. काम मोलाचं आहे, पण रेषा सरासरीची आहे. तुमच्या नळीची लांबी, तिचं वळण, पडद्याचा ताण हे सगळं तुमचं. पन्नास हजारांचा इअरफोन घेतला तरी वाद्याचा अर्धा भागच घरी येतो, उरलेला अर्धा आधीपासून तुमच्या डोक्यात बसवलेला आहे. दुसऱ्याचा अभिप्राय वाचून निर्णय घेताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

ऐरोलीला आयटी कंपनीत काम करणारा माझा भाचा असाच एक महागडा इअरफोन घेऊन ठाण्याला आमच्याकडे आला होता. ‘‘मामा, सगळे म्हणतात याचा बेस जबरदस्त आहे. मला तर कुठेच ऐकू येत नाही.’’ त्याला म्हटलं, इअरफोन बोटाने हळूच आत दाब. दाबल्याबरोबर बेस आला, बोट काढल्यावर गेला. उजव्या बाजूची सिलिकॉनची टोपी काढून एक माप मोठी लावली, डावीकडे होती तीच ठेवली. मग कानाची पाळी वर आणि मागे ओढून, म्हणजे नळी सरळ करून, इअरफोन बसवायला सांगितलं. ‘‘अरे, हा तर वेगळाच इअरफोन झाला!’’ तो म्हणाला. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं आपण गृहीत धरतो, पण पुष्कळ जणांचे दोन कान सारखे नसतात.

बेस म्हणजे खालचे सूर, आणि ते हवेचे संथ दाब असतात. नळी घट्ट बंद असली तर इअरफोनचा पडदा आतल्या थोड्याशा हवेला सरळ दाबतो आणि तो दाब कानाच्या पडद्यावर पोचतो. कडेला केसाएवढी फट राहिली तर संथ दाबाला निसटून जायला भरपूर वेळ मिळतो, जलद कंपनांना मिळत नाही. म्हणून फटीतून ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, जात नाही, बेसच जातो, आणि तोही दहा-वीस डेसिबलने. ‘हा पातळ वाजतो’ अशी तक्रार ऐकली की मी आधी टोपीचं माप विचारतो. दोन्ही इअरफोन कानात घालून तोंड मिटून ‘हूं’ म्हणून पाहावं. स्वतःचा आवाज डोक्यात दोन्हीकडे सारखा घुमला पाहिजे. एकीकडे कमी घुमला तर त्या बाजूला फट आहे.

यानंतरची खबरदारी आवाजाच्या पातळीची, आणि दुकानात नेमकी तीच घेतली जात नाही. दोन इअरफोनपैकी एक डेसिबलभर मोठा वाजत असेल तर तो मोठा आहे असं कळत नाही. तो जास्त मोकळा, जास्त जिवंत, जास्त सुरेल वाटतो. त्यात भर म्हणजे, १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त कमी होतात. म्हणजे पातळी हलली की बेसचा तोलही हलला. काटेकोर चाचण्यांमध्ये दोन उपकरणांची पातळी डेसिबलच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत जुळवतात. घरी तितकं जमत नाही, पण फोनवर १,००० हर्ट्झचा साधा सूर लावून दोन्ही इअरफोन आलटून पालटून ऐकावेत, व्हॉल्यूम जुळवून त्याचे आकडे लिहून ठेवावेत आणि मगच गाणं लावावं.

मग डोळ्यांचा प्रश्न. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एकाच मंडळींना तेच स्पीकर एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआडून ऐकवले, तेव्हा दोन्ही वेळचे गुण वेगळे आले. आकार, नाव, किंमत दिसत असली की कान त्यांचंही ऐकतो, सराव असलेल्यांचासुद्धा. किमतीबद्दल तर येरून ब्रेबार्ट यांचा २०१७चा शोधनिबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी २८३ हेडफोन-इअरफोनचे आलेख किमतीशी ताडून पाहिले आणि आवाजाचा तोल नि किंमत यांच्यात काहीही संबंध सापडला नाही. याचा अर्थ महाग इअरफोन वाईट असतो असा नाही. डावा-उजवा अचूक जुळणं, मोठ्या आवाजातही विकृती न येणं, कानात तासन्‌तास न टोचणं, बदलता येणारी केबल, या गोष्टींना पैसे पडतात. सुरांचा तोल मात्र किमतीत धरलेला नसतो, तो आपणच ऐकून घ्यायचा.

कशावर ऐकायचा? ओळखीच्या गाण्यावर, असा सल्ला सगळे देतात. पण स्टुडिओतल्या गाण्याचा मूळ आवाज आपण कधी ऐकलेलाच नसतो. गडकरी रंगायतनमधल्या मैफलीतही आपल्यापर्यंत पोचतं ते माइक आणि स्पीकरमधून गाळून. त्यामुळे नौपाड्यात एखाद्याच्या दिवाणखान्यात, माइक न लावता चाललेल्या घरगुती बैठकीत जे कानात बसतं, तेच खरं माप. तंबोरा आणि तबला चार हातांवरून ऐकलेला असला तर त्यांच्या रेकॉर्डिंगवर इअरफोनचे दोष झाकले जात नाहीत.

तंबोऱ्याची गंमत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१च्या निबंधात मांडली. मूळ सुराबरोबर तारेतून वरचे उपसूरही निघतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपसुरांची स्थिर, न हलणारी जागा येते ते उपसूर वाजू नयेत, असा तारांचा नियम. तंबोरा तो मोडतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलाईचा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा, त्यामुळे कंप पावणारी तार घोडीला सतत घासत सुटते आणि वरचे उपसूर भरभरून उमटतात. छेड घेतल्यानंतर ते एकदम येत नाहीत, एकामागून एक पुढे येतात आणि मग ओसरतात. चांगल्या इअरफोनमध्ये ही रांग सलग ऐकू येते. मध्ये एखादा सूरच दणदणीत पुढे आला आणि बाकीचे दबले, तर तिथे आलेखात उंचवटा आहे, आलेख हाताशी असो वा नसो.

बेस पारखायला मात्र तंबोरा उपयोगाचा नाही. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ सूर साधारण ६९ हर्ट्झ. तो तारेतून मुळातच क्षीण निघतो, तरी उपसुरांवरून मेंदू तो मनाने भरून काढतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो तो असाच. त्यामुळे बेस नसलेला इअरफोनही तंबोऱ्यावर सहज निभावून जातो. तिथे डग्गा हवा. मनगट दाबून घेतलेला घिस्सा लावा. सूर खालून वर सरकताना आवाजाचा जोर एकसारखा राहतोय का पाहा. मध्येच कुठे फुगला तर इअरफोनने बेसचा एक तुकडा उगाच चढवलेला आहे. अशा इअरफोनवर सिनेमाची गाणी पाच मिनिटं फार छान वाजतात आणि तासाभराने कान आंबतो. दायाँच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, चाटेवरचा (काठावरचा) ‘ना’ ऐका. तो कडक असावा, टोचू नये. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली दाखवलं की शाईमुळे या चामड्याचे उपसूर तारेसारखे सुरेल होतात. म्हणून ‘ना’मध्येही सूर ऐकू यायला हवा. नुसती टकटक आली तर मधला पट्टा उपाशी आहे.

वरच्या पट्ट्यात ‘स’, ‘श’ किंवा टाळ टोचत असले तर लगेच इअरफोनला दोष देऊ नका. पाच हजारांपासून दहा हजार हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर अगदी लहान आवाजात लावा आणि कुठे टोचतं ते पाहा. मग इअरफोन थोडा आत सरकवा. टोचण्याची जागा वर सरकली तर तो तुमच्या नळीचा सूर आहे, टोपी बदलून त्यावर उपाय होतो. जागा हललीच नाही तर दोष बहुधा इअरफोनचा. याहून वर तर मोजणीची यंत्रंही फारशी मदत करत नाहीत. बरेच आलेख ज्या नकली कानावर निघतात त्याचं मानक मुळात १९८१चं, श्रवणयंत्रांसाठी केलेलं, आणि दहा हजार हर्ट्झच्या वर त्याचा भरवसा धरत नाहीत.

इअरफोनमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, किती यावर पुष्कळ जाहिरात चालते. त्यातला डायनॅमिक प्रकार म्हणजे लहानसा स्पीकरच. बॅलन्स्ड आर्मेचर हा दुसरा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. १९९१ सालचा एटिमोटिक कंपनीचा ईआर-४ हा श्रवणयंत्रांवर काम करणाऱ्या मीड किलियन यांचा, आणि त्यात प्रत्येक कानाला एकच आर्मेचर होतं. तरीही तो वर्षानुवर्षं मापदंड मानला गेला. आकड्यापेक्षा एक गोष्ट जास्त तपासावी. अनेक आर्मेचरच्या इअरफोनचा विद्युत रोध सुरागणिक बदलतो. त्यामुळे ज्या फोनचा किंवा अँपचा स्वतःचा (आउटपुट) रोध जास्त, त्यावर त्याच इअरफोनचा तोल बदलतो. म्हणून दुकानातल्या प्लेअरवर ऐकून ठरवू नये, आपला फोन घेऊन जावं.

आणि शेवटची चाचणी ठाणे-वाशी गाडीत. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत जाणाऱ्या डब्याची घरघर खालच्या पट्ट्यातली असते आणि ती नेमका बेस झाकते. आवाज वाढवावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास ही मर्यादा ठरवली. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते: ८३ला २० तास, ८६ला १०. घरी शांततेत ज्या व्हॉल्यूमवर तंबोरा भरलेला वाटला, तोच व्हॉल्यूम ठेवून गाडीत गाणं समजतंय का पाहा. समजत असेल तर टोपी बाहेरचा गोंगाट नीट अडवते आहे. नसेल तर फोमची टोपी लावून पाहा.