युद्धात बुडालेले व्यापारी खलाशी आणि त्यांची नोंद : पार्श्वभूमी

व्यापारी खलाशांच्या, म्हणजे मालवाहू व प्रवासी जहाजांवरील बिगरलष्करी खलाशांच्या, स्मृतिदिनासाठी ब्रिटनने ३ सप्टेंबर ही तारीख निवडली, कारण १९३९ साली युद्ध पुकारले गेले त्याच दिवशी 'अथेनिया' हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. हा दिवस पाळला जाऊ लागला तो मात्र २००० सालापासून. लंडनच्या टॉवर हिलवरील स्मारक त्याहून पुष्कळ जुने आहे. पहिल्या महायुद्धातील सुमारे १२,००० नावांचा भाग १९२८ साली खुला झाला, तर दुसऱ्या महायुद्धातील जवळपास २४,००० नावांची भर १९५५ साली पडली. येथे नावे जहाजवार कोरलेली असून आधी कप्तान आणि मग वर्णानुक्रमे बाकीचे, असा क्रम आहे.

खरा गुंता आहे तो नाव कोरण्यासाठीच्या अटीत. गणवेशातील सैनिक ठरावीक कालावधीत तापाने वा अपघाताने वारला तरी युद्धातील मृतांत गणला जातो. व्यापारी खलाशाचा मृत्यू मात्र युद्धामुळेच ओढवला, हे दिसावे लागते. समुद्रावर ही रेषा आखणे सोपे नव्हते. पाणबुड्यांच्या धास्तीने जहाजे रात्री दिवे मालवून चालत आणि अंधारात एकमेकांवर आदळत. १९१८ साली अशाच टकरीत बुडालेल्या 'पीटरशॅम'च्या भरपाईचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, तेव्हा दिवे आरमाराच्या हुकुमाने मालवलेले असले तरी टक्कर ही युद्धाची नव्हे, तर नेहमीची सागरी जोखीमच होय, असा निर्णय झाला. तो जहाजाच्या किमतीपुरता होता हे खरे, पण खलाशाच्या मरणाकडे नोकरीतील जोखीम म्हणून पाहण्याची वृत्तीही याच जातीची होती. जहाज बुडाले की त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद, ही ब्रिटिश जहाजांवरील रीत १९४१ पर्यंत चालली, मग तो तराफ्यावर जिवंत असला तरी.

हिंदी खलाशांच्या बाबतीत तर शब्दापासूनच घोळ आहे. मूळ फारसी 'लश्कर'चा अर्थ आपल्याकडे फौज असाच राहिला. पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेलेला 'लॅस्कर' मात्र आशियाई खलाशी ठरला, ज्याला ना फौजेचे हक्क ना गोऱ्या खलाशाचा पगार. पहिल्या महायुद्धातील ८९६ लॅस्करांसाठी कोलकात्याच्या हेस्टिंग्ज भागात हुगळीकाठी १९२४ साली स्तंभ उभारला गेला. दुसऱ्या महायुद्धातील ६,००० हून अधिक हिंदी व्यापारी खलाशांची नावे भिंतीवर न कोरता नोंदवहीत लिहिली गेली आणि तिच्या प्रती मुंबई व चितगाव येथे ठेवल्या गेल्या. टॉवर हिलवरील जहाजवार याद्या त्यामुळे अपुऱ्या वाटतात: एकाच जहाजासोबत बुडालेल्यांपैकी कप्तानाचे नाव लंडनच्या कांस्यपटावर, तर डेकवरच्या सारंगाचे (हिंदी खलाशांच्या मुकादमाचे) मुंबईच्या वहीत, अशी विभागणी झाली.