पाऊस संपला, आता भिंत का फुगतेय?

पाऊस थांबला, चांगलं कडक ऊन पडायला लागलं, आणि नेमकी आत्ताच भिंत फुगायला लागली. बऱ्याच जणांना हे कोडं वाटतं. भर पावसात भिंत नुसती काळपट आणि गार लागत होती, आणि आता ऊन आलंय तर रंगाचे पोपडे निघतायत, खाली पांढरी भुकटी पडतेय, हात लावला तर प्लास्टर सुटून हातात येतंय. मग सगळे रंगाला नाहीतर रंगाऱ्याला दोष देतात, पण त्यांचा दोष बहुतेक वेळा थोडाच असतो.

होतं काय, की वीट, वाळू, सिमेंट, जमीन या सगळ्यात थोडेफार क्षार असतातच, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट असे. ते पाण्यात विरघळून भिंतीत फिरत राहतात आणि भिंत ओली आहे तोवर फार त्रास देत नाहीत. भिंत वाळायला लागली की पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक तयार होतात आणि वाढणाऱ्या स्फटिकाला जागा लागते. ते पृष्ठभागावर झाले तर नुसती पांढरी पावडर दिसते, पण रंगाच्या किंवा प्लास्टरच्या आत, बारीक छिद्रांमध्ये झाले तर ते आतून रेटा देतात आणि प्लास्टर फोडून बाहेर येतात. लोणा लागला म्हणतो तो हाच. म्हणजे नुकसान पावसात सुरू होतं पण दिसतं वाळताना, आणि म्हणूनच पावसानंतरचे हे दोन-तीन महिने मला घरासाठी सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पाणी कुठून आलं हे भिंत आत्ता दाखवत असते आणि आपण घाईघाईने पुट्टी मारून, रंग देऊन तेच पुसून टाकतो. तर कृपा करून आधी बघा, मग भिंत वाळू द्या, रंग सगळ्यात शेवटी.

बघायचं कसं? ओल जमिनीकडून वर चढलेली असेल तर जोत्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला क्षारांची वेडीवाकडी रेघ असते. पाणी वर चढतं ते केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच, हा नियम जेम्स ज्युरिन यांच्या नावाने ओळखला जातो. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी जेमतेम ३ सेंटिमीटर चढतं, पण त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढ्या बारीक नळीत ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि वीट-चुन्यातली छिद्रं अशी बारीक असतात. मग ओल छतापर्यंत का जात नाही? कारण वाटेत भिंतीच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जात असतं, आणि खालून येणारं आणि वरून उडणारं जिथे सारखं होतं तिथे ओल थांबते.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. आतून वॉटरप्रूफ रंग नाहीतर टाइल्स लावल्या की पाणी उडायची वाटच बंद होते, खालून यायचं मात्र थांबत नाही, मग ओल आणखी वर सरकते आणि जिथे रंग संपतो तिथे डोकं काढते. डाग दिसेनासा झाला म्हणून लोक खूश होतात, पाणी भिंतीत तसंच असतं. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे असं जुने गवंडी म्हणतात ते अगदी बरोबर आहे, आणि जुन्या विटांच्या नाहीतर दगडी भिंतीला चुन्याचं प्लास्टर बरं पडतं तेही याचमुळे, चुन्यातून वाफ सहज बाहेर जाते.

डाग वर छताजवळ असेल आणि कडेला पिवळसर वर्तुळं असतील तर पाणी गच्चीवरून येतंय, फक्त लक्षात ठेवा की भेग डागाच्या बरोबर वर असेलच असं नाही, पाणी स्लॅबमधून, वायरच्या पाइपातून लांबवर वाहत जाऊन भलतीकडे टपकतं. आणि पाऊस जाऊन महिने झाले तरी जो डाग वाळतच नाही तो बहुधा पाइपाचा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा, काटा हलत असेल तर कुठेतरी गळतंय.

चौथा प्रकार लोक विसरतात तो म्हणजे हवेतली ओल. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशाला साधारण १७ ग्रॅम, म्हणजे दमट हवा गार भिंतीला लागली की जास्तीचं पाणी तिथेच जमतं. कपाटामागे, कोपऱ्यात, जिथे हवा खेळत नाही तिथे बुरशी येते ती बऱ्याचदा अशी. बाहेरून आलेली ओल की हवेतली, हे ओळखायला सोपा प्रयोग आहे. भिंतीचा हातभर तुकडा वरवर पुसून कोरडा करा, त्यावर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून. पहिल्याचा इलाज बाहेर आहे, दुसऱ्याचा खिडक्या, पंखा आणि एक्झॉस्टमध्ये, आणि दोन्हींची सरमिसळ केली की पैसे वाया जातात.

वाळायला वेळ लागतो आणि हे मी कितीही सांगितलं तरी कमीच. भिंतीच्या दर इंच जाडीला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे ९ इंची भिंत पार भिजली असेल तर कित्येक महिने. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा खिडक्या उघडा, पंखा लावा, सामान भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. बाहेर दमट असेल तेव्हा खिडक्या उघडून उपयोग नाही, उलट ओल आत येते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका, क्षार परत विरघळून आत जातात. फार लोणा लागलेलं प्लास्टर काढूनच टाकावं, कारण त्यातले काही क्षार हवेतलीही ओल ओढून घेतात आणि भिंत वाळली तरी डाग येत राहतो.

गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्चीवर एका दिवसात ५० मिलिमीटर पडला तर ५,००० लिटर, आणि ते सगळं दोन-तीन पाइपांमधून जायचं असतं, म्हणून जाळीत अडकलेला पाला काढणं हे महागड्या वॉटरप्रूफिंगच्या आधीचं काम. हेच पाणी खाली भिंतीच्या पायथ्याशी पडून मुरत असेल तर वर काहीही करा, ओल येणारच. घराभोवतीच्या जमिनीचा उतार घरापासून लांब जाणारा हवा, पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर तरी.

स्लॅबला खालून काठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आत सळई गंजत असण्याची शक्यता आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, तो काँक्रीटला आतून फोडतो, आणि अशा ठिकाणी वरून प्लास्टर लावून घेणं धोक्याचं आहे, इंजिनिअरला दाखवाच.

तळघरात पाणी भरलं असेल तर एकदम उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि १ मीटर खोल पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब असतो, आतलं पाणी त्याला तोलून धरत असतं. ते काढून घेतलं की भिंत आत ढासळू शकते. आधी बाहेरचं ओसरू द्या, मग फूटभर उपसा, भिंतीवर रेघ मारा, रात्रभर थांबा, पाणी परत रेघेच्या वर आलं तर अजून वेळ झालेली नाही. आणि ओल्या भिंतीतल्या स्विचला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्यात उभं राहून हात पोचत असेल तरच, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शेवटचं भेगांबद्दल. चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, तेव्हा तिच्यावरच्या घरात पावसानंतर नव्या भेगा पडणं नवल नाही. लगेच भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, मधे आडवी पातळ काचेची पट्टी चिकटवा. काच तडकली तर भेग अजून हलतेय, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहिली तर खुशाल भरून घ्या.