आशियाई माणूस समाजासाठी जगतो, अमेरिकन स्वतःसाठी? एवढं सोपं नाहीये

डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टीडने आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांचा सर्व्हे १९८० मध्ये पुस्तकात मांडला तेव्हापासून हे समीकरण लोकांच्या डोक्यात चिकटलंय ते निघतच नाही. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑयसरमन आणि सहकाऱ्यांनी ढीगभर अभ्यास एकत्र तपासले, तर जपानी-कोरियन लोक अमेरिकनांपेक्षा जास्त समूहवादी (स्वतःपेक्षा गटाला महत्त्व देणारे) निघालेच नाहीत. मुळात 'मी कोण' याच्या ओळखी तीन असतात, मी एकटा, मी कुणाचा तरी, मी अमुक गटाचा, आणि आपण मधली विसरतो (हा खरा घोळ). आयंगार-लेपर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा प्रयोग बघा, अक्षरं जुळवायची कोडी होती, गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेली जास्त वेळ सोडवली आणि आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांनी आईने निवडलीयेत म्हटल्यावर, पण अनोळखी बाईने निवडली तर त्यांचाही उत्साह गळाला. म्हणजे ओढ आईची होती, 'समाज' नावाच्या गर्दीची नाही. आणि टीमसाठी, देशासाठी जीव टाकणारे अमेरिकेत काय कमी आहेत?