एकाच नावाचे दोन ‘आय सेव्हन’: लॅपटॉप-डेस्कटॉप तुलनेमागची गोष्ट

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराकडे निघालेल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे. दोन्हीकडे इंटेलचा आय सेव्हन हाच प्रोसेसर आहे, मग पैसे लॅपटॉपमध्ये घालायचे की असेंबल केलेल्या पीसीमध्ये? मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत टेबलालाच जागा नसते, त्यामुळे उत्तर बहुतेकदा लॅपटॉपकडेच झुकतं. पण ‘दोन्हीकडे तेच’ हा समज आला कुठून, हे पाहायला हवं.

नव्वदच्या दशकात लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे बहुधा डेस्कटॉपचाच, कमी व्होल्टेजवर चालवलेला. जानेवारी २००० मध्ये आलेल्या ‘मोबाइल’, म्हणजे लॅपटॉपसाठीच्या, पेंटियम थ्रीच्या एका मॉडेलनं तर वेगातला फरक उघडपणे सांगितला होता: प्लग लावला असेल तर ६५० मेगाहर्ट्‌झ, बॅटरीवर ५००. पुढे पेंटियम फोरच्या काळात सगळी विक्री मेगाहर्ट्‌झवर चालायला लागली आणि मोबाइल पेंटियम फोरची काही मॉडेलं ७० वॅटच्याही पुढे गेली. मांडीवर घेण्याच्या यंत्रात एवढी उष्णता मावणं शक्यच नव्हतं.

त्यावर उपाय निघाला मार्च २००३ मध्ये. पेंटियम एम हा पेंटियम थ्रीच्या घराण्यातला, इस्रायलमधल्या पथकानं लॅपटॉपसाठीच आखलेला प्रोसेसर. १.६ गिगाहर्ट्‌झ आणि साधारण २५ वॅट एवढ्यावर तो अनेक कामांत २.४ गिगाहर्ट्‌झच्या मोबाइल पेंटियम फोरला भारी पडायचा. तिकडे डेस्कटॉपचा पेंटियम फोर तापून अडकला होता. त्याचं ४ गिगाहर्ट्‌झचं मॉडेल ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच झालं. २००६ च्या कोअर टू ड्युओनं डेस्कटॉपवरही याच काटकसरीची वाट धरली. म्हणजे लॅपटॉप कायम डेस्कटॉपच्या मागेच राहिला, हे खरं नाही.

खरा घोळ पुढच्या नामकरणात आहे. पहिला आय सेव्हन नोव्हेंबर २००८ मध्ये डेस्कटॉपवर आला तो चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांचा. सप्टेंबर २००९ मध्ये लॅपटॉपवर आला, तोही चारचाच. जानेवारी २०१० मध्ये मात्र लॅपटॉपसाठी दोन कोअरच्या प्रोसेसरलाही तेच नाव दिलं गेलं, आणि पुढची सात वर्षं बाजार त्याच नावावर चालला. सातव्या पिढीचंच घ्या. लॅपटॉपचा आय७-७५००यू: २ कोअर, ४ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे), १५ वॅट. डेस्कटॉपचा आय७-७७००: ४ कोअर, ८ थ्रेड, ६५ वॅट. डेस्कटॉपचा आय५-७४०० सुद्धा चार कोअरचा, त्यामुळे सगळे कोअर राबवणाऱ्या कामात लॅपटॉपचा आय सेव्हन डेस्कटॉपच्या आय फाइव्हच्याही मागे राहायचा.

या निर्णयाची बाजू मांडणारे म्हणतात, नाव म्हणजे आपापल्या वर्गातली वरची पायरी, आणि शेवटचं ‘यू’ हे कमी वॅटच्या लॅपटॉप-प्रोसेसरचं अक्षर वाचणाऱ्याला सगळं सांगतं. मला हे पटत नाही. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी डोंबिवलीहून येणारे वडील वर्ग विकत घेत नाहीत, ते स्टिकर वाचतात. आणि स्टिकरवर ते ‘यू’ नसायचंच.

गिरगावातल्या एका लहानशा व्हिडिओ स्टुडिओत आय७-७५००यू आणि आय७-७७०० या दोन प्रोसेसरांवर एकाच लग्नाची फिल्म एक्सपोर्ट होताना मी पाहिली आहे. टास्क मॅनेजरमध्ये लॅपटॉपच्या वेगाचा आकडा पहिला अर्धा मिनिट साडेतीन गिगाहर्ट्‌झला टेकला, मग पंख्याचा आवाज चढला आणि आकडा तीनच्या खाली उतरला. कीबोर्डच्या वरच्या ओळीवर बोट ठेववत नव्हतं. टेबलाखालचा डबा शेवटपर्यंत ४ गिगाहर्ट्‌झवर होता. टॅली किंवा ब्राउझर उघडताना मात्र दोघांतला फरक शोधावा लागत होता.

तो अर्धा मिनिट योगायोगाचा नव्हता. १५ वॅट हा टीडीपीचा, म्हणजे प्रोसेसर किती उष्णता सोडेल त्याचा, आकडा मूळ क्लॉकसाठीचा, म्हणजे नेहमीच्या ठरलेल्या वेगासाठीचा असतो. टर्बोला, म्हणजे त्यावरच्या वाढीव वेगाला, त्यापेक्षा जास्त वॅट थोडाच वेळ मिळतात, अनेक लॅपटॉपांत साधारण २८ सेकंद. शिवाय उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडायची असते. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ती हवाच ३४-३५ अंशांची असते, आणि लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बुजते.

ऑगस्ट २०१७ च्या आय७-८५५०यूनं १५ वॅटमध्येच चार कोअर दिले. मूळ क्लॉक मात्र २.७ वरून १.८ वर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलचा एम वन आला. तोच चिप बिनपंख्याच्या लॅपटॉपमध्ये आणि टेबलावरच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये बसला. थोड्या वेळाच्या कामात दोघं बरोबरीचे, लांबलचक कामात पंखेवाला पुढे. थंड करण्याची सोय किती, यावरच बाकीचा हिशेब ठरतो, हे याहून स्पष्टपणे आधी कधी दिसलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, टीडीपीच्या जागी दोन आकडे छापले जाऊ लागले: मूळ क्लॉकचे वॅट आणि टर्बोतले जास्तीत जास्त वॅट. डेस्कटॉपचा आय९-१२९००के: १२५ आणि २४१ वॅट. पाठोपाठ आलेला लॅपटॉपचा आय७-१२७००एच: ४५ आणि ११५. ही सुधारणा खरी, फक्त फार उशिरा झालेली. जानेवारी २०२३ च्या एचएक्स मालिकेत तर २४ कोअरचा डेस्कटॉप-घराण्यातलाच चिप लॅपटॉपमध्ये आला, वरची मर्यादा १५७ वॅट. त्याच्या डेस्कटॉप भावाची २५३. त्यातले प्रत्यक्ष किती वॅट द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप वेगवेगळ्या वेगानं चालतात.

२०२३ च्या अखेरीला नव्या लॅपटॉप चिपांच्या नावातला ‘आय’ही गेला. लॅमिंग्टन रोडवर मला मिळालेल्या कोटेशनांवर रॅम, एसएसडी, स्क्रीन, वॉरंटी सगळं लिहिलेलं असतं. वॅटचा रकाना अजून नाही.