दोन सेकंदांचा पहारा

संगणकावरचा खेळ रंगात आलेला असताना अचानक बंद पडला की ‘कार्ड गेलं’ असे निदान मित्रमंडळींपासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सर्वत्र तत्काळ केले जाते. ग्राफिक्स कार्ड हा अशा संगणकातील बहुधा सर्वांत महाग भाग असल्यामुळे निदान चुकल्यास भुर्दंडही तसाच मोठा बसतो. २०२४ च्या पूर्वार्धात हे चुकीचे निदान अनेक देशांत झाले. अनरियल इंजिन या खेळ बनवण्याच्या तयार चौकटीवर बांधलेले कित्येक खेळ ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ अशा अर्थाची सूचना देऊन बंद पडत होते आणि ज्यांच्या कार्डावर २४ गिगाबाइट मेमरी होती, त्यांच्याही पडद्यावर हीच सूचना येत होती. शोधाअंती दोष निघाला तो इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांमध्ये. शेडर, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांचे रंग ठरवणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, खेळाच्या फायलींमध्ये दाबून साठवलेल्या असतात. त्या उलगडण्याचे काम प्रोसेसरकडे असते. तेथेच तो चुकत होता आणि उलगडा फसल्यावर इंजिन जी सूचना दाखवत होते, तिच्यात नाव मात्र कार्डाच्या मेमरीचे होते. प्रोसेसर मायक्रोकोडमधील, म्हणजे त्याच्या आतच असलेल्या मूळ आज्ञांमधील, चुकीमुळे प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागतो, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले, ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या प्रोसेसरांची झीज आधीच झाली होती, ते मात्र या सुधारणेने पूर्ववत होत नाहीत.

सूचनेत ज्या भागाचे नाव येते, त्या भागापाशी बिघाड उघडकीस आला एवढेच त्या सूचनेवरून सिद्ध होते. बिघाड तेथेच जन्मला असे सिद्ध होत नाही. हा फरक समजण्यासाठी विंडोजमधील एक यंत्रणा समजून घ्यावी लागते आणि माझ्या मते ती संगणकशास्त्रातील अतिशय सुंदर तडजोडींपैकी एक आहे.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा संगणक असाच बंद पडू लागला. चित्र गोठायचे, आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहायचा, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि मग खेळ नाहीसा होऊन डेस्कटॉप समोर यायचा. दुकानदाराने कार्ड गेल्याचे सांगितले आणि ‘हीट मारून’, म्हणजे चिप तापवून, पाहण्याची तयारी दाखवली. मी भाच्याला आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडायला सांगितले. तेथे प्रत्येक प्रसंगाच्या वेळेशी जुळणारी ४१०१ क्रमांकाची नोंद होती: डिस्प्ले ड्रायव्हरने (विंडोज आणि कार्ड यांच्यामधील दुभाषी आज्ञावलीने) प्रतिसाद देणे थांबवले आणि तो यशस्वीरीत्या पूर्ववत झाला.

ही नोंद करणाऱ्या यंत्रणेचे नाव टीडीआर, अर्थात ‘मुदत संपल्याचे ओळखून पूर्ववत करणे’. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर ती आली. त्यापूर्वी ग्राफिक्स चिप अडकली की सारा संगणकच गोठत असे आणि बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. व्हिस्टापासून ग्राफिक्स चिपचा वेळ कोणत्या कार्यक्रमाला किती द्यायचा, हे विंडोजचा नियोजक ठरवू लागला. खेळ आपले काम आज्ञांच्या गठ्ठ्यांच्या रूपात पाठवतो, ड्रायव्हर त्यांचे चिपला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो आणि गठ्ठे रांगेत लागतात. प्रत्येक गठ्ठ्याला चढता क्रमांक असतो आणि गठ्ठा संपला की चिप तो क्रमांक मेमरीतील ठरलेल्या जागी लिहिते. या क्रमांकाला फेन्स म्हणतात. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरून प्रवास किती झाला हे जसे कळते, तसे या आकड्यावरून काम कुठवर आले हे नियोजकाला कळते. एखादा गठ्ठा फार वेळ रेंगाळला, तर नियोजक चिपला चालू काम बाजूला ठेवून जागा मोकळी करण्याची सूचना देतो. जुन्या चिपांना एखादी आकृती रेखाटण्याचे काम पुरे झाल्यावरच असे थांबता येत असे. २०१६ मधील एनव्हिडियाच्या पास्कल पिढीपासून ठिपक्याच्या पातळीवर थांबणे शक्य झाले. सूचना दिल्यापासून दोन सेकंदांत चिपने काम सोडले नाही, तर ती अडकली आहे असे विंडोज गृहीत धरते, चिपला आणि ड्रायव्हरला नव्याने सुरू करते आणि खेळाला ‘तुमचे उपकरण काढून घेतले गेले आहे’ अशा अर्थाचा संदेश देते. कार्ड जागचे हललेले नसते. मात्र त्याच्या मेमरीत खेळाने रचून ठेवलेले सारे चित्रसाहित्य व्यर्थ झालेले असते. ते पुन्हा रचण्याची सोय बहुतेक खेळांमध्ये नसल्यामुळे खेळ स्वतःच बंद होतो. साठ सेकंदांत अशी पाचपेक्षा अधिक पुनर्स्थापने करावी लागली, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते.

येथे जिज्ञासू वाचकाला प्रश्न पडेल की दोनच सेकंद का? चिप खरोखर अडकली आहे की दीर्घ काम प्रामाणिकपणे करत आहे, हे तपासूनच का ठरवू नये? याचे उत्तर गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये देऊन ठेवले आहे. कोणतीही आज्ञावली आणि तिला पुरवलेली माहिती पाहून ती कधीतरी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वातच असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. युक्तिवाद थोडक्यात असा: समजा अशी भविष्य सांगणारी आज्ञावली आहे. मग आपण दुसरी एक आज्ञावली लिहू, जी या भविष्यवेत्त्याला स्वतःविषयी विचारेल आणि त्याच्या उत्तराच्या नेमके उलट वागेल. ‘थांबेल’ म्हटले तर फिरत राहील आणि ‘फिरत राहील’ म्हटले तर थांबेल. भविष्यवेत्ता काहीही सांगो, तो खोटाच ठरतो. म्हणून तसा भविष्यवेत्ता असू शकत नाही. शेडर याही आज्ञावल्याच आहेत आणि त्यांच्यातही आवर्तने, म्हणजे त्याच आज्ञांचे पुन्हा पुन्हा होणारे फेरे, असतात. त्यामुळे कोणत्याही शेडरबद्दल खात्रीने निकाल देणारी रीत विंडोजच्या अभियंत्यांना मिळणे शक्य नव्हते आणि त्यांनी मनुष्याच्या सहनशीलतेवरून एक मुदत ठरवली. खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. दोन सेकंदांत अशी १२० चित्रे होतात. दीड गिगाहर्ट्झची चिप तेवढ्या वेळात ३०० कोटी ठोके मोजते. एवढा अवधी मिळूनही जी चिप रांग सोडत नाही, तिच्याबद्दल संशय घेणे रास्तच आहे, परंतु तो संशयच असतो.

रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींमध्ये, ही मुदत वाढवून आठ किंवा दहा सेकंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. चित्रपटासाठी दृश्ये तयार करणाऱ्या किंवा शास्त्रीय गणिते करणाऱ्या माणसाचे एकेक काम खरोखरच दीर्घ असते, त्याला या बदलाचा उपयोग होतो. खेळणाऱ्याच्या बाबतीत मात्र चिप खरोखर अडकलेली असेल, तर दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद गोठलेला पडदा पाहावा लागतो, इतकाच बदल घडतो. रजिस्ट्रीमधील या नोंदी ड्रायव्हरची चाचणी करणाऱ्यांसाठी आहेत, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलेले आहे.

आता चिप मुळात का अडकते, याकडे वळू. सदोष ड्रायव्हर हे एक कारण असते आणि ते तपासणे सोपे आहे: सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज किमान सोयींनिशी सुरू करून, जुना ड्रायव्हर समूळ काढावा, शेडरांचा साठवलेला कॅश पुसावा आणि ज्या आवृत्तीवर खेळ नीट चालत होता ती पुन्हा बसवावी. त्याने सुटणाऱ्या तक्रारी पुष्कळ असतात. अधिक गहन कारण चिपच्या ठोक्यात आहे. दोन गिगाहर्ट्झला एक ठोका अर्ध्या नॅनोसेकंदाचा असतो आणि तेवढ्या वेळात विद्युतसंकेताने ट्रान्झिस्टरांची एक संपूर्ण साखळी पार करून पलीकडच्या नोंदवहीत, म्हणजे चिपमधील छोट्या साठवणजागेत, पोहोचायचे असते. व्होल्टेज कमी झाले की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि संकेत उशिरा पोहोचतो, पण ठोका त्याच्यासाठी थांबत नाही. जे काही अर्धवट पोहोचले असेल तेच नोंदले जाते. चुकलेला बिट एखाद्या ठिपक्याच्या रंगाचा असेल, तर पडद्यावर एक ठिणगी चमकून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच बिट आवर्तने मोजणाऱ्या आकड्यातला किंवा मेमरीच्या पत्त्यातला असेल, तर चिप भलत्याच वाटेला लागते, फेन्सचा आकडा पुढे सरकत नाही आणि दोन सेकंदांचा पहारा संपतो. कारखान्यातूनच वाढीव वेगाने विकलेल्या कार्डांमध्ये ही सुरक्षित फट आधीच अरुंद केलेली असते. म्हणूनच ठोका ५० ते १०० मेगाहर्ट्झने उतरवून पाहणे ही एक पैही खर्च न होणारी, फार बोलकी चाचणी आहे.

व्होल्टेज कमी कशाने होते, हे आकड्यांवरून पाहू. भाच्याचे कार्ड आरटीएक्स ३०८० आहे आणि त्याची विहित शक्ती ३२० वॅट आहे. १२ व्होल्टला भागले की सुमारे २७ अँपिअर होतात. मदरबोर्डवरील खाच ७५ वॅटपर्यंतच देऊ शकते. उरलेले २० अँपिअर आणि त्याहून अधिक केबलमधून येतात. कार्डावरील नियामक परिपथ हे १२ व्होल्ट चिपसाठी एक व्होल्टच्या आसपास उतरवतो, आणि शक्ती तीच राहत असल्यामुळे तेथे विद्युतप्रवाह शेकडो अँपिअर होतो. शिवाय हा भार स्थिर नसतो. स्फोटाचे दृश्य सुरू झाले की चिपचे हजारो विभाग एकदम जागे होतात आणि मिलिसेकंदापेक्षाही कमी काळ मागणी विहित शक्तीच्या पुष्कळ वर उसळते. वॅटमीटरला ही उसळी दिसत नाही, पण एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, ती सोसावी लागते. २०२२ मधील एटीएक्स ३.० या मानकात, नव्या जोडणीच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपुरता झेलला पाहिजे, अशी अट घालावी लागली ती याच कारणाने. एसएमपीएसला उसळी झेपली नाही, तर सहसा त्याचे संरक्षण कार्यरत होऊन सारा संगणकच फटकन बंद पडतो. भाच्याचा संगणक बंद पडत नव्हता, फक्त चिप अडकत होती.

चिपवरचा भार उतरवून पाहावा म्हणून मी त्याला खेळातील चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधायला सांगितले. तीन दिवस एकदाही खेळ बंद पडला नाही. बंधन काढताच तासाभरात पडला. २०२१ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या खेळाच्या चाचणीदरम्यान काही आरटीएक्स ३०९० कार्डे कायमची निकामी झाली, तेव्हाही मुख्य मेनूसारख्या साध्या दृश्यात चित्रांच्या वेगाला मर्यादा नसणे हे निमित्त होते आणि खेळात ती मर्यादा नंतर घालण्यात आली. ती कार्डे बनवलेल्या ईव्हीजीए कंपनीने आपल्याकडे परत आलेली कार्डे तपासून त्यांच्यातील डाग देण्याचे काम सदोष असल्याचे सांगितले. म्हणजे तेथेही खेळाने भार दिला आणि आधीच कच्च्या राहिलेल्या जागा त्या भाराने उघड्या पडल्या.

पुढच्या रविवारी मी नागपूरला गेलो असताना आम्ही कॅबिनेट उघडले. कार्डाच्या दोन्ही सॉकेटना एकाच केबलचे दोन प्लग जोडलेले होते. म्हणजे दोघांचा प्रवाह एसएमपीएसपासून एकाच तारांच्या जुडग्यातून येत होता. त्यातील एक प्लग मी काढून उजेडात धरला. १२ व्होल्ट आणणाऱ्या पिवळ्या तारांच्या बाजूचे तीन डबे शेजारी शेजारी होते; मधल्या डब्याचे काळे प्लॅस्टिक कडेला तपकिरी होऊन किंचित चुरगळले होते आणि आतली धातूची नळी इतर दोघींपेक्षा अर्धा मिलिमीटर मागे सरकलेली होती. शाळेत शिकलेला ओहमचा नियम येथे पुरतो. केबल आणि जोडणी मिळून १० मिलिओहम रोध धरला, तर २० अँपिअरला ०.२ व्होल्टची घट होते आणि दुप्पट उसळीला ०.४ व्होल्टची. एवढी घट कार्डावरील नियामक भरून काढतो. पण सैल झालेल्या नळीचा रोध याच्या कित्येक पट होऊ शकतो, आणि तापल्यावर तो आणखी वाढतो. मे महिन्यात नागपूरच्या खोलीतले तापमान या साऱ्याला अनुकूलच होते.

दुकानदाराने सुचवलेल्या ‘हीट’बद्दल येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. कार्डाची चिप हॉट एअर गनने तापवणे किंवा कार्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजणे हा उपाय २००८ च्या सुमारास पसरला. त्या वर्षी एनव्हिडियाने काही चिपांच्या आवरणातील साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. वारंवार तापण्या-निवण्याने चिप आणि तिच्या खालची पट्टी यांच्यामधील सूक्ष्म जोड तडकत आणि तापवल्यावर तडे काही काळ जुळून येत. काही आठवड्यांनी कार्ड पुन्हा बंद पडे. म्हणजे तो इलाज नव्हताच. प्रत्येक आजाराला एकच अंगारा लावावा तसे आज कोणत्याही बंद पडण्यावर ‘हीट’ सुचवली जाते. तिने चांगल्या कार्डातील कपॅसिटर आणि प्लॅस्टिकचे भाग खराब होऊ शकतात, वॉरंटी जाते आणि ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात विषारी वाफा पसरतात. कृपया हे करू नये आणि कुणाला करूही देऊ नये.

आम्ही त्याच एसएमपीएसच्या निर्मात्याकडून त्याच मॉडेलसाठीच्या दोन केबल मागवल्या. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत बसते, परंतु तिच्यातील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्याने कार्ड क्षणार्धात जळू शकते. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल लावली, प्लग टक् असा आवाज येईपर्यंत दाबले आणि वेगावरचे बंधन काढून टाकले. भाच्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ ची शेवटची नोंद केबल बदलण्याच्या आदल्या रात्रीची, ११ वाजून ४० मिनिटांची आहे.